पुड्याची मागली बाजू

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या वर्गाला आता आठ महिने झाले. बाराखडी केव्हाच मागे पडली. जोडाक्षरेही बहुतेकांना येऊ लागली. आता तुम्ही रस्त्याने जाता ते वाचत वाचत जाता. एस.टी.ची पाटी वाचता, दुकानाची पाटी वाचता. परवा आपल्या वर्गातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, आता भिंती माझ्याशी बोलाय लागल्या." मला फार बरे वाटले. पण भिंती बोलू लागल्या की त्या काय बोलतात आणि कुणाच्या वतीने बोलतात, हेही पाहायला हवे. म्हणून आज जाहिरातीबद्दल थोडे बोलणार आहे.

नव्याने वाचायला शिकलेला माणूस आधी पुस्तक वाचत नाही. तो वाचतो पाटी, पुडा, भिंत आणि मोबाईल. या चारही जागी बराचसा मजकूर असतो तो काहीतरी विकणाऱ्याचा. त्यात आपल्याकडे एक जुनी समजूत आहे, की छापलेले ते खरे. 'पेपरात आलंय' म्हटले की वाद मिटला! ही समजूत आली कुठून? आपल्या आजापणजाच्या घरात छापील कागद यायचा तो कोर्टाचा, सरकारी कचेरीचा, नाही तर पोथीचा. त्यापुढे ते हात जोडून उभे राहत. साबणाच्या पुड्यावरची अक्षरेही त्याच शाईने छापलेली असतात, पण म्हणून ती त्या घराण्यातली होत नाहीत.

पूर्वी गावात दवंडी पिटत. दवंडीवाला आधी निरोप कुणाचा ते सांगे, मग निरोप सांगे. जाहिरात हीही दवंडीच आहे. फरक इतकाच, की निरोप धाडणारा मागे राहतो आणि पुढे दुसराच कोणी येतो. कधी क्रिकेटचा खेळाडू येतो, कधी सिनेमातली नटी, कधी पांढरा कोट घातलेला माणूस. हा कोटवाला डॉक्टर असतोच असे नाही, बरं का. कोट शिंप्याकडे शिवून मिळतो.

आणि कधी एक गुटगुटीत बाळ पुढे येते. त्या बाळाचीच गोष्ट आधी सांगतो, कारण ती नुसती पैशाची गोष्ट नाही.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना 'ग्लॅक्सो बेबी' हा शब्द आठवत असेल. एखादे बाळ गुबगुबीत असले की शेजारीण म्हणायची, "अगदी ग्लॅक्सो बेबी आहे हो!" ग्लॅक्सो ही बाळांसाठी डब्यात मिळणारी दुधाची पावडर. एका कंपनीच्या मालाचे नाव धडधाकट बाळाचे नाव होऊन बसले. हे कोणी शाळेत शिकवले नव्हते. हे काम मुख्यतः चित्राने केले.

चित्र कसे काम करते ते पाहा. डब्यावर एक हसरे बाळ आहे. 'ही पावडर आईच्या दुधाहून चांगली' असे कुठेही लिहिलेले नाही. लिहिले असते तर एखादा डॉक्टर उठून म्हणाला असता, हे खोटे आहे. पण चित्र काहीच म्हणत नाही. ते नुसते हसते, आणि राहिलेले वाक्य आई आपल्या मनात पुरे करते. आता या चित्राला खोटे कसे ठरवणार? ते बाळ तर खरोखरीच गुटगुटीत आहे! ज्या आईला वाचता येत नाही तिच्यासाठी तर डब्यावर चित्राखेरीज दुसरे काहीच नाही. पावडर किती घ्यायची, पाणी किती, पाणी उकळलेले हवे, बाटली उकळून घ्यायला हवी, हे सगळे अक्षरांत लिहिलेले. म्हणजे मोह चित्रात आणि सावधगिरी अक्षरांत.

पुढे काय होई? डबा महाग. तो महिनाभर पुरवायचा म्हणून बाई पावडर कमी घाली आणि पाणी जास्त. पाणी ओढ्याचे, नाही तर आडाचे. बाटली नुसती विसळलेली. बाळाला जुलाब लागत. इकडे बाळ अंगावर पीत नाही म्हणून आईचे दूध आटे. बाळ ओढते तसे दूध उतरते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. दूध एकदा आटले की डबा सुटत नाही आणि डब्याला पैसे नाहीत. यात किती बाळे गेली असतील!

हे आपल्याच देशात झाले असे नाही. आफ्रिकेत झाले, आशियात झाले, दक्षिण अमेरिकेत झाले. काही ठिकाणी कंपन्यांच्या विक्रेत्या बाया नर्ससारखे पांढरे कपडे घालून बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जात. १९७४ साली लंडनमध्ये माइक मुलर नावाच्या गृहस्थांनी यावर एक लहानशी पुस्तिका लिहिली आणि या गोष्टीला वाचा फुटली. १९७७ साली अमेरिकेत लोकांनी नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार घातला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा दुधाच्या विक्रीसाठी नियम घालून दिले. आणि १९९२ साली आपल्या संसदेने कायदा केला.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, कायद्याचा पंडित नव्हे. पण हा कायदा मला फार शहाणा वाटतो. पावडर विकायला त्याने बंदी केली नाही. काही बाळांना ती लागतेच. कुणाची आई आजारी असते, कुणाला आईच नसते. बंदी आहे ती जाहिरातीला, आणि डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापायला. आईचे दूध बाळासाठी सर्वांत चांगले, हे मात्र डब्यावर मोठ्या अक्षरांत छापावेच लागते. कायदा करणाऱ्यांनी बरोबर ओळखले होते. फसवणूक अक्षरांत नव्हती, चित्रात होती. औषधाच्या दुकानात गेलात तर फळीवरचे डबे नीट पाहा.

पुढे २००३ साली दुरुस्ती झाली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे डब्यातले खाणेही या कायद्यात आले. पण दोन वर्षे पुरी झाली की कायदा थांबतो, आणि जाहिरात तिथेच उंबऱ्यावर बसलेली असते. हे दुधात घाला म्हणजे मुलगा उंच होईल, ते घाला म्हणजे पहिला येईल. या पुड्यांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणायची पद्धत पडली होती. हेल्थ म्हणजे आरोग्य. गंमत अशी, की २००६ सालच्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या व्यापार मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्यांना कळवले, की अशी पेये त्या नावाखाली मांडू नका. शब्द गेला. आत साखर किती आहे हा आकडा मात्र पूर्वीही पुड्याच्या मागेच होता आणि आजही मागेच आहे.

शब्दावरून आठवले. 'वनस्पती तूप' हा शब्द तुम्ही सगळ्यांनी वापरला असेल. १९३७ साली डालडा बाजारात आला. डब्यावर हिरवे झाड. त्याचा इतका प्रचार झाला, की कुठल्याही कंपनीच्या वनस्पतीला लोक डालडाच म्हणू लागले. वास्तविक त्यात तूप नाही. तेलात हायड्रोजन नावाचा वायू खेळवून ते गोठवतात, की झाले. पण त्याला 'गोठवलेले तेल' म्हटले असते तर ते सणाच्या स्वयंपाकात गेले असते काय? तूप म्हटले म्हणून गेले. अशा गोठवलेल्या तेलात एक प्रकारची वाईट चरबी तयार होते, तिला ट्रान्स फॅट म्हणतात, आणि ती हृदयाला अपाय करते, हे पुढे पुष्कळ वर्षांनी सिद्ध झाले. २०२२ सालापासून तेलातुपात ती दोन टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे. तळलेल्या पदार्थांचा वास छान येतो, तो भाग वेगळा.

आता लाजेकडे वळू. काही जाहिराती आधी रोग देतात आणि मग औषध विकतात. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाची मलमाची ट्यूब निघाली. तिच्या जाहिरातीत एकच कथा फिरून फिरून येई. मुलगी सावळी. तिला नोकरी मिळत नाही, किंवा तिचे लग्न जमत नाही. ती ट्यूब आणते, गोरी होते, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात नोकरीही मिळते आणि नवराही. एका जाहिरातीत बाप म्हणतो, मला मुलगा असता तर बरे झाले असते. महिला संघटनांनी तक्रारी केल्या आणि २००३ साली अशा जाहिराती टीव्हीवरून उतरवाव्या लागल्या. २०२० साली कंपनीने नावातला 'फेअर', म्हणजे गोरा, हा शब्दही काढून टाकला आणि 'ग्लो' घातला. ग्लो म्हणजे तेज. ट्यूब राहिली.

यात सगळे पाप कंपनीच्या माथी मारणे मला बरोबर वाटत नाही. स्थळ पाहायला गेल्यावर "मुलगी गोरी आहे का?" हा प्रश्न कुणी विचारला? कंपनीच्या एजंटाने नाही, आपल्या आत्याने आणि मावशीने विचारला. तो प्रश्न आपल्या ओसरीवर आधीपासूनच होता. कंपनीने त्यावर दुकान थाटले, एवढेच.

काही जाहिराती लाजवत नाहीत, उलट स्तुती करतात. त्यांना ओळखणे जास्त कठीण. १९६९ साली अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी घरच्या अंगणात कपडे धुण्याची पावडर करून ती सायकलवरून विकायला सुरुवात केली. तीच निरमा. किंमत साडेतीन रुपये किलो. मोठ्या कंपनीची सर्फ त्या मानाने कितीतरी महाग. निरमाचा खप इतका वाढला, की सर्फवाल्यांना उत्तर द्यावे लागले. त्यांनी टीव्हीवर ललिताजी नावाची बाई आणली. ती भाजी घासाघीस करून घेते, पण पावडर महागडीच घेते, आणि ते कसे शहाणपणाचे आहे हे ठसक्यात सांगते. आता दोन्ही जाहिराती शेजारी ठेवा. एक म्हणते, स्वस्त घेते ती हुशार. दुसरी म्हणते, नुसत्या स्वस्ताला भुलत नाही ती हुशार. दोघीही पावडरीबद्दल थोडेच सांगतात. तुमच्याबद्दल मात्र पुष्कळ सांगतात. तुम्ही हुशार आहात हे कंपनीला कसे कळले? ती कधी तुमच्या घरी आली होती काय?

बरे, आता थोडे गणित. गणिताला घाबरू नका, इथे फळा आहे.

दुकानाबाहेर कापड लावलेले असते, '५० टक्क्यांपर्यंत सूट'. 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय आपण व्याकरणात पाहिले. त्या लहानशा अव्ययावर सगळा धंदा उभा असतो. शंभर साड्यांत एका साडीला पन्नास टक्के सूट दिली आणि बाकी नव्व्याण्णवांना पाच टक्के, तरी ती पाटी खरी ठरते. 'शंभर रुपयांपासून' यातल्या 'पासून'चे काम तेच.

दुसरे उदाहरण. मोबाईलच्या दुकानात लिहिलेले असते, 'महिना फक्त ९९९ रुपये'. हप्ते किती, हे खाली मुंगीएवढ्या अक्षरांत. समजा हप्ते २४. तर ९९९ गुणिले २४ किती होतात? २३,९७६. त्याच मोबाईलची रोख किंमत समजा १९,००० आहे. म्हणजे ४,९७६ रुपये जास्त गेले. कुणी म्हणेल, रोख पैसे असते तर हप्ता कशाला घेतला असता? बरोबर आहे. गरज असेल तर जरूर घ्या. पण ४,९७६ हा आकडा पाहून घ्या. तो जाहिरातीत कोणी छापत नाही, तो आपणच काढायचा असतो.

तिसरे. दहा रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे दहा रुपयांचाच राहतो आणि आपण म्हणतो, बघा, भाव वाढला नाही. मागे वजन पाहा. पूर्वी १०० ग्रॅम होते आणि आता ८० झाले, तर शंभर रुपये किलोचा माल सव्वाशे रुपये किलो झाला. पुड्यात हवा मात्र पूर्वीइतकीच.

हे झाले पुड्याचे. वर्तमानपत्रातला लेख ओळखणे याहून अवघड, कारण तो जाहिरातीसारखा दिसत नाही. पुरवणीत लेख येतो, 'आजची गृहिणी आणि आधुनिक स्वयंपाकघर'. शेजारी छायाचित्र. ओट्यावर एक भांडे खरकटे नाही, चुलीचा धूर नाही, बाईच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. असे स्वयंपाकघर ज्यात कोणी स्वयंपाक करत नाही! लेखात म्हटलेले असते की आजच्या काळात अमुक यंत्र घरोघरी असायलाच हवे. वाचता वाचता आपल्या घरची काळवंडलेली कढई आठवून मन खट्टू होते. अशा लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव आहे का ते पाहा. नाव नसेल, एकाच कंपनीच्या मालाचे गोडवे असतील, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' हा शब्द असेल, तर तो लेख नव्हे.

कधी कधी तो शब्दही नसतो. २००९ साली आपल्या राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हा एका पुढाऱ्याची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांत जवळजवळ शब्दाला शब्द छापून आला. पी. साईनाथ या पत्रकारांनी ते उजेडात आणले. पैसे घेऊन बातमी छापण्याच्या या प्रकारावर प्रेस कौन्सिलने २०१० साली अहवाल काढला. वर्गातल्या दोन मुलांची उत्तरपत्रिका सारखी निघाली की मास्तराला काय समजते, ते मी तुम्हांला सांगायला नको.

आता एक खरी हकिकत सांगतो. आमच्या भागातले एक गृहस्थ, मधुमेहाचे. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या नेमाने घेत. एक दिवस वर्तमानपत्राच्या घडीतून एक पत्रक घरात आले. 'मधुमेह मुळापासून नाहीसा, गोळ्यांना कायमची सुट्टी.' वर दाढीवाल्या साधूचे चित्र. खाली चार पत्रे, "मी बरा झालो" म्हणणाऱ्यांची. नातवाने मोठ्याने वाचून दाखवले. गृहस्थांनी पैसे भरून चूर्ण मागवले आणि गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी पायाला लहानशी जखम झाली. ती भरेना. शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. नातवाला अजून वाटते की आपण वाचून दाखवले म्हणून हे झाले.

पुढे ते पत्रक मी मागून घेतले आणि दोनदा वाचले. त्यावर काय नव्हते ते सांगतो. औषध तयार करणाऱ्याचा पत्ता नव्हता. परवान्याचा क्रमांक नव्हता. चूर्णात काय आहे ते नव्हते. पत्रे लिहिणाऱ्या चौघांची गावे नव्हती. होता तो फक्त एक मोबाईल नंबर. नातवाने चुकीचे काही वाचले नाही. त्या पोराचे वाचन स्वच्छ आहे. कागदावर काय नाही ते कसे वाचायचे, एवढेच त्याला कोणी शिकवले नव्हते. ते आम्हा मास्तर लोकांचे काम.

अशी पत्रके बेकायदेशीर आहेत, हे ध्यानात ठेवा. १९५४ सालापासून आपल्याकडे औषधांच्या आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. त्यात रोगांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लकवा, लठ्ठपणा, बाईला मूल न होणे, इतकेच काय, उंची वाढवणेसुद्धा. हे बरे करतो अशी लोकांत जाहिरात करणे हाच गुन्हा. तरी भिंती रंगलेल्या दिसतात. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याने खोट्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. (इथेही 'पर्यंत' आहे, पाहिलेत ना?) जाहिरातीत पुढे उभे राहणाऱ्या नटालाही जबाबदार धरता येते. तक्रारीसाठी १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तो वहीत लिहून घ्या.

कुणी विचारेल, गुरुजी, मग जाहिरात म्हणजे सगळी लबाडीच का? नाही हो. १९९५ साली पोलिओची मोहीम सुरू झाली. 'दोन थेंब' भिंतीभिंतींवर लिहिले गेले, नट टीव्हीवर येऊन बजावू लागले, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. तीही जाहिरातच होती. लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे, आई, बाप, दोन मुले, ही कुटुंबनियोजनाची खूण तर माझ्या लहानपणापासून पाहतो आहे. पण पाहा, तिथेही चित्रच बोलते. छोटे कुटुंब हसते आहे. मोठे कुटुंब कधी हसत नाही काय? माझ्या आजोळी अकरा माणसे होती आणि हसण्याला तोटा नव्हता. त्या मोहिमेत सांगितलेली गोष्ट खरी होती, बायकांच्या जिवाच्या दृष्टीने तर फारच खरी. तरीपण सरकारी भिंतीपुढेही हाच प्रश्न विचारायची सवय ठेवा, की अक्षरे काय सांगतात आणि चित्र काय सांगते. सरकार रागावणार नाही.

आता उद्याचे काम. प्रत्येकाने घरातला एक रिकामा पुडा आणायचा. चहाचा, बिस्किटाचा, साबणाचा, कोणताही. समोरची बाजू आपण वाचणार नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. मागली बाजू वाचू. वजन, किंमत, तारीख, आत काय काय आहे, कंपनीचा पत्ता. अक्षरे फार बारीक असतात, तेव्हा ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो घरी विसरू नये. ज्यांना नाही त्यांच्यासाठी मी माझे भिंग आणतो.